वेरुळच्या लेण्यांतील एक पाठ

आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येने तीन वर्षांपूर्वी विद्यापीठात पर्यटनशास्त्र हा विषय घेतला, तेव्हा आमच्या घरात जी खळबळ उडाली तिची कल्पना एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस सहज करता येईल. बंधू बँकेत अधिकारी आहेत. ज्याच्या शेवटी स्पर्धापरीक्षा नाही ते शिक्षण त्यांच्या हिशेबी शिक्षणच नव्हे. भावजयीची चिंता निराळी होती. मुलगी परक्या माणसांचे तांडे घेऊन गावोगाव हिंडू लागली म्हणजे स्थळे कोठून यावयाची, हा तिचा प्रश्न. आमच्या ज्येष्ठ भगिनी आक्का, ज्यांचा शब्द आमच्या घरात आजही शेवटचा असतो, त्या एवढेच म्हणाल्या, "हिंडायला शिकवायचे ते काय? पाय धड असले की झाले." आम्ही मात्र काहीच बोललो नाही. हे मौन तटस्थपणाचे नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे. 'परि' उपसर्ग आणि 'अट्' धातू यांपासून झालेला हा शब्द. त्याचा अर्थ सभोवार भटकणे. ज्याला सूत्र नाही, भाष्य नाही, त्यास शास्त्र म्हणणे हा आम्हांस त्या शब्दाचा अपमान वाटे. मुलीचा चेहरा उतरलेला आम्ही पाहिला, आणि तरीही वर्तमानपत्रात डोके घालून बसलो.

पुढे तिच्या अभ्यासाच्या वार्ता तुकड्यातुकड्यांनी कानी येत. पहिल्या वर्षी पंधरा दिवस तिला एका हॉटेलात कामास पाठविले होते. तेथे ती खाटांवर चादरी घालावयास शिकली, ही गोष्ट भावजयीने बंधूंपासून आजतागायत लपवून ठेवली आहे. (हा लेख त्यांच्या वाचनात येईलच, तेव्हा आता लपविण्यात अर्थ नाही.) दुसऱ्या वर्षी ती एका प्रवासी कचेरीत बसून गाड्यांची तिकिटे आणि सहलींचे अंदाजपत्रक करावयास शिकली. गेल्या पौषात तिचा मोबाइलवर संदेश आला, तो मात्र थेट आम्हांस आणि आक्कांस उद्देशून होता. तिच्या विभागाचे पाच दिवसांचे क्षेत्रशिक्षण अजिंठा-वेरुळास व्हावयाचे होते. चौथ्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याने बाहेरच्या चार माणसांस लेणी दाखवावयाची, त्यावर गुण मिळावयाचे. त्या चारांत एक माणूस सत्तरीपुढचा असावा, एकास विषयाची काहीच माहिती नसावी, आणि एक असा असावा की ज्याला आपणांस सर्व ठाऊक आहे असे वाटते, अशी अट होती. आक्का शहात्तर वर्षांच्या आहेत. दुसऱ्या प्रकारासाठी तिने शेजारच्या बिऱ्हाडातील दोन मुले धरली होती. तिसऱ्या प्रकारात कोण, हे तिने लिहिले नव्हते.

आम्ही मंगळवारी सायंकाळी नाशिकहून एस. टी. ने छत्रपती संभाजीनगरास पोहोचलो. मुलांची बिऱ्हाडे एका धर्मशाळेत होती. दिवाणखान्यात सतरंजीवर वीस-बावीस मुले-मुली कागद पसरून बसली होती आणि त्यांच्या प्राध्यापिकाबाई एकेक कागद हातात घेऊन पाहत होत्या. काम असे होते की, नाशिकच्या एका कुटुंबासाठी तीन दिवसांच्या प्रवासाची संपूर्ण आखणी करावयाची: गाडी, मुक्काम, जेवण, तिकिटे, खर्च. एका मुलाचा कागद मोत्यासारख्या अक्षरांत, नकाशासह, पै-पैच्या हिशेबासह तयार होता. बाईंनी तो अर्धा मिनिट पाहिला आणि शांतपणे परत दिला. त्याने वेरुळ मंगळवारी घातले होते. वेरुळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. बाई म्हणाल्या, "तुझा नकाशा उत्तम आहे, पण तुझे कुटुंब बंद दरवाज्यापुढे उभे आहे." त्या मुलाला पुन्हा सर्व लिहावे लागले. आम्ही चौतीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या; परंतु एका चुकीने सर्वच उत्तर रद्द व्हावे असा प्रश्न आम्हांस कधी काढता आला नाही.

जेवताना पुतणीने आदल्या दिवशीची हकीकत सांगितली. सोमवारी वेरुळास कोणी कोणाशी बोलावयाचे नव्हते. हातात वही घेऊन क्रमांक १ पासून ३४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटरचा तो कडा पायी चालावयाचा आणि केवळ टिपणे करावयाची. सावली कोठे आहे, पिण्याचे पाणी कोठे आहे, कोणत्या लेण्याची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच आहे, उन्हातून आत शिरल्यावर दिसू लागण्यास किती वेळ लागतो. दुपारी तोच मार्ग पुन्हा चालावयाचा. परंतु या वेळी एका गुडघ्याभोवती कापडाची पट्टी इतकी घट्ट बांधून की पाय दुमडू नये. "आत्या," ती आक्कांस म्हणाली, "तुला जिना चढताना कसे होते ते मला परवा पहिल्यांदा कळले." आक्का भात कालवीत होत्या, त्या थांबल्या. काही बोलल्या नाहीत. आम्ही एकाच घरात वीस वर्षे आक्कांचे गुडघे पाहत आलो आहोत, आणि त्यांची खोली अजून माडीवरच आहे.

बुधवारी आक्कांनी विश्रांती घेतली आणि आम्ही मुलांबरोबर अजिंठ्यास गेलो. तेथे आपली वाहने चार किलोमीटर अलीकडेच सोडावी लागतात आणि पुढे ठरलेल्या बसमधून जावे लागते. धूर लेण्यांपर्यंत जाऊ नये, हा त्यातील हेतू. त्या दिवशीचे काम बोलण्याचे नव्हते, मोजण्याचे होते. रंगचित्रे असलेल्या मुख्य लेण्यांत एका वेळी चाळीसांहून अधिक माणसे असू नयेत असा नियम आहे. मुलांनी दाराशी पाळीपाळीने उभे राहून किती माणसे आत गेली, किती वेळ थांबली, आणि आत शिरल्यावर त्यांची दृष्टी प्रथम कोठे गेली, हे लिहावयाचे. शेवटच्या रकान्यात काय भरले गेले असेल ते वाचकांनीच ताडावे. बहुतेकांनी प्रथम पाहिले ते हातातील मोबाइलचा पडदा.

माणसे मोजावयाची कशासाठी, हे बाईंनी लेण्याबाहेर एका झाडाखाली समजावून दिले. ही चित्रे ओल्या गिलाव्यात मुरविलेली नाहीत. माती, भुसा आणि तंतू यांच्या गिलाव्यावर पांढरा हात देऊन, तो कोरडा झाल्यावर ती रंगविलेली आहेत. माणसाच्या श्वासाबरोबर आत ओलावा जातो, अंगाबरोबर उष्णता जाते. गिलावा फुगतो, आकसतो आणि अखेरीस पापुद्रा सुटतो. म्हणजे जो चित्र पाहावयास येतो तोच, नकळत, चित्र थोडेसे घेऊन जातो. मग लोकांना येऊ द्यावे की न द्यावे? बाईंनी प्रश्न टाकला आणि त्या गप्प बसल्या. मुलांत कडाक्याचा वाद झाला. एक मुलगा म्हणाला, दारे बंद करावी आणि बाहेर प्रतिकृती दाखवाव्या. एका मुलीने विचारले की, फर्दापूरच्या ज्या माणसाचे पोट या येण्याजाण्यावर चालते त्याला तू कोणती प्रतिकृती देणार? वाद सुटला नाही, आणि बाईंनी तो सोडविला नाही.

प्रतिकृतींची गोष्ट निघाली म्हणून एक आठवण येथेच सांगून टाकतो. कॅप्टन जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली ही लेणी पाहिल्यावर त्यांची कीर्ती झाली. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल याने येथे वर्षानुवर्षे राहून चित्रांच्या नकला केल्या. त्यांपैकी बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन ऋतूमागून ऋतू अजिंठ्यास येत राहिले. त्या मुलांनी अंधारात, वटवाघळांच्या सहवासात, हातभर अंतरावरून त्या रेषा गिरविल्या. त्यांचेही पुष्कळ काम १८८५ च्या आगीत, लंडनच्याच एका संग्रहालयात, भस्म झाले. कापड जळाले, परंतु ज्या मुलांच्या मनगटात त्या रेषा एकदा उतरल्या होत्या त्यांच्यापासून ती आग काय नेणार होती? पुतणीला आम्ही हे परतीच्या बसमध्ये सांगितले. तिला ते ठाऊक होते. तरीही तिने ऐकून घेतले, हा तिचा चांगुलपणा.

गुरुवारी वेरुळ. आम्ही पहाटेच स्नान उरकून तयार, तर पुतणी म्हणाली की आपल्याला दुपारी निघावयाचे आहे. या लेण्यांची तोंडे पश्चिमेस आहेत. सकाळी आत अंधार असतो, दुपार कलली म्हणजे ऊन आपण होऊन आत येते. शिवाय चौतीस लेण्यांपैकी ती आम्हांस दोनच दाखविणार होती, दहावे आणि सोळावे. इतक्या लांब येऊन दोनच? आम्ही नापसंती दर्शविली. ती म्हणाली, "अण्णाकाका, आत्याच्या पायांत तेवढीच आहेत." येथे आम्हांस वनपर्वातील तीर्थयात्रेची आठवण झाली. लोमश ऋषी पांडवांस तीर्थे दाखवावयास निघाले, तेव्हा त्यांचा पहिला उपदेश तीर्थमाहात्म्याचा नव्हता. परिवार कमी कर, हलका हो, म्हणजे सुखाने चालता येईल, असे त्यांनी युधिष्ठिरास सांगितले. मग ज्यांना भूक, श्रम आणि थंडी सोसणार नाही त्या सर्वांस धर्मराजाने परत पाठविले. हा भाग आम्ही कितीदा वाचला असेल. पण लोमश हा वाटाड्याही आहे, हे त्या दिवशी प्रथम डोक्यात आले.

दहाव्या लेण्यात, ज्याला विश्वकर्मा म्हणतात, आत शिरल्यावर पुतणी काहीच बोलली नाही. आम्ही वाट पाहत होतो. शेजारची मुले चुळबुळू लागली. पुष्कळ वेळाने, अंधारातून स्तूप आणि त्यापुढील बुद्धमूर्ती उमटू लागली तेव्हा, ती हळूच म्हणाली, "आत्या, वर बघ. काय दिसते?" आक्कांनी मान वर केली. "अगो बाई, हे तर वासे!" छताला दगडाच्या कमानदार फासळ्या आहेत. लाकडी छपराचे वासे जसे ओळीने असतात तसेच हे दगडात कोरलेले. त्यांचा भार काहीच नाही, काम काहीच नाही. सुताराच्या हाताची सवय पाथरवटाने दगडात उतरविलेली. आक्कांचे बालपण सिन्नरच्या वाड्यात गेले, त्यांस वासे काय ते सांगावे लागत नाही. मग पुतणीने सांगितले की गावातील लोक या लेण्यास सुताराची झोपडी म्हणतात. आक्का म्हणाल्या, "बरोबरच म्हणतात." जे आपण सांगणार होतो ते समोरच्याच्या तोंडून यावे, म्हणून तिने ती सारी शांतता राखली होती, हे आमच्या ध्यानात उशिरा आले. आम्ही असतो तर दाराशीच सर्व सांगून मोकळे झालो असतो.

कैलासाच्या प्रांगणात येताच तिने आम्हां चौघांस अशा जागी उभे केले की ऊन आमच्या पाठीवर आणि तिच्या डोळ्यांवर. माणसांच्या डोळ्यांवर ऊन आले म्हणजे ती ऐकत नाहीत, केवळ सहन करतात, हे त्यांच्या पहिल्या धड्यांपैकी एक आहे. मग तिने हात वर करून डोंगराचा मूळचा माथा कोठे होता ते दाखविले. तीन बाजूंनी चर खणीत खाली यावयाचे, मधला खडक सोडावयाचा, आणि त्या सोडलेल्या खडकातून शिखरापासून आरंभ करून पायथ्यापर्यंत मंदिर कोरीत उतरावयाचे. प्रांगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद, आणि मागचा कडा १०७ फूट उंच. आकडे तिने एवढेच सांगितले, आणि लगेच म्हणाली, "पाड बांधून चढत जाणाऱ्या गवंड्याची चूक काढून टाकता येते. यांची चूक काढून टाकायची सोय नव्हती."

दक्षिणेच्या बाजूस रावण कैलास हलवितो ते शिल्प आहे. खाली रावण अनेक हातांनी डोंगराशी झगडतो. वर पार्वती शंकराच्या अंगाशी बिलगली आहे. एक दासी भिऊन पळत आहे. आणि शंकर मात्र पायाच्या दाबानेच सर्व निभावून नेत आहेत. येथे पुतणीने जे केले ते आम्हांस सर्वांत आवडले. कथा तिने सांगितली नाही. ती म्हणाली, "ही गोष्ट माझ्यापेक्षा आत्याला नीट येते." आक्का क्षणभर संकोचल्या आणि मग आपल्या कीर्तनी ढंगात सांगू लागल्या. रावणाचा गर्व, त्याचे दडपलेले हात, त्याने केलेली स्तुती. शेजारून जाणारे एक गुजराती कुटुंब थांबले, मग आणखी दोन-तीन माणसे थांबली. शहात्तर वर्षांच्या आमच्या भगिनी बाराशे वर्षांपूर्वीच्या दगडापुढे उभ्या राहून दहा-बारा परक्या माणसांस व्याख्यान देत आहेत, हे दृश्य बंधूंनी पाहावयास हवे होते.

यानंतर मंदिर कोणी केले हा विषय निघाला. तिने प्रथम दंतकथा सांगितली: शिखर दिसल्याखेरीज अन्न घेणार नाही असे राणीने व्रत घेतले, कोणासही ते इतक्या लवकर साधेना, अखेरीस पैठणचा कोकास नावाचा शिल्पी आला आणि वरून खाली कोरू लागल्यामुळे आठवड्याच्या आत राणीस शिखर दिसले. "ही कथा झाली," ती म्हणाली आणि थोडी थांबली. "आता लेख." राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, हे देवालय करविले. बडोद्यास सापडलेल्या इ. स. ८१२ च्या ताम्रपटात त्याचा उल्लेख असून, हे आपण कसे केले याचे ते करणाऱ्या शिल्पकारासच आश्चर्य वाटले, अशा अर्थाचे वर्णन त्यात आहे. कथा कोठे संपते आणि लेख कोठे सुरू होतो, हे इतके स्वच्छ सांगणारी माणसे आम्हांस पंडितांतही थोडी भेटली आहेत. परग्रहावरून आलेल्या कोणी हे कोरले, असे सांगणाऱ्या चित्रफिती आज घरोघर पाहिल्या जातात, तेव्हा तर या सवयीचे मोल फार आहे.

आता आमची पाळी. तिसऱ्या प्रकारचा माणूस म्हणून आमची योजना झाली होतीच. आम्ही ती सार्थ केली. शेजारच्या मुलांस काही शिकवावे या सद्‌हेतूने आम्ही सांगू लागलो की वेरुळास प्रथम बौद्ध लेणी झाली, मग हिंदू, आणि शेवटी जैन; १ ते १२, १३ ते २९, ३० ते ३४. हे वाक्य आम्ही चौतीस वर्षे फळ्यावर लिहिले आहे. पुतणी अदबीने म्हणाली, "अण्णाकाका, ते क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे दिले आहेत. काळाच्या क्रमाने नाहीत. एकवीस आणि एकोणतीस ही शैव लेणी सहाव्या शतकातली, इथल्या बहुतेक बौद्ध लेण्यांच्याही आधीची, असे आता संशोधक मानतात." आमच्या कानशिलांस ऊन लागले. तिला गप्प करावे असे एकदा मनात आले. वडीलकीचा तेवढा अधिकार आमच्या घरात आहे. पण आक्का हसल्या आणि मुले हसली. रस्त्यावरील घरांस आपण ओळीने क्रमांक देतो, तेव्हा क्रमांक एकचे घर सर्वांत जुने असते असे कोणी मानीत नाही. इतकी साधी गोष्ट आम्हांस सुचली नाही, कारण आम्ही तो रस्ता कधी चाललोच नव्हतो. शाळेची सहल आम्ही तीनदा वेरुळास नेली होती. तिन्ही वेळा आम्ही उपाहारगृहापाशी डब्यांचा आणि मुलांच्या संख्येचा हिशेब सांभाळीत बसलो होतो.

एवढ्यात आक्कांनी विचारले, "अगो, पण एवढा काढलेला दगड गेला कुठे?"

पुतणीने तोंड उघडले, मिटले, आणि म्हणाली, "आत्या, मला ठाऊक नाही." तिने कमरेची वही काढली आणि प्रश्न लिहून घेतला. आम्हांस वाईट वाटले. परीक्षक बाई पाच हातांवर उभ्या होत्या, आणि अशा वेळी काहीतरी उत्तर देऊन वेळ निभावून न्यावी हे शाळेतल्या पोरालाही कळते. थोड्याच वेळाने मोत्यासारख्या अक्षराचा तो मुलगा आपली माणसे घेऊन आला. त्याचे वक्तृत्व काय वर्णावे! त्याच्यासमोरही योगायोगाने हाच प्रश्न आला, आणि त्याने तत्काळ सांगितले की तो सर्व दगड देवगिरीच्या किल्ल्यास वापरला. ऐकणाऱ्यांनी समाधानाने माना डोलविल्या. आमचीही डोलली.

यानंतर पुतणी पुढील मजल्याबद्दल सांगत असताना एकाएकी वाक्याच्या मध्येच थांबली. आक्कांनी भिंतीला हात टेकला होता, इतकेच. आमच्या लक्षातही आले नव्हते. तिने आक्कांस सावलीत बसविले, पाणी दिले, लिंबाची गोळी दिली, आणि वरचा मजला रद्द केला. अपुरे राहिलेले वाक्य तिने पुन्हा कधी पुरे केले नाही. मागाहून त्या मुलाच्या तुकडीत मात्र, तो उत्तम बोलत असतानाच, त्याच्या मागून चालणारे एक गृहस्थ अंधारातल्या उंबऱ्यास अडखळले आणि त्यांचा गुडघा फुटला.

रात्री गुण वाचून दाखविले गेले. देवगिरीच्या उत्तरास बाईंनी शून्य दिले. देवगिरीस राजधानी आणणारा यादव राजा पाचवा भिल्लम बाराव्या शतकाच्या अखेरीचा; मधली चारशे वर्षे तो दगड कोणाच्या परसात वाट पाहत होता? मुले हसली, तो मुलगाही हसला. पण बाई हसल्या नाहीत. "तुझ्यासमोरच्या माणसाला खोटे ओळखता येत नव्हते," त्या म्हणाल्या. "म्हणून तर ते सांगायचे नाही." 'ठाऊक नाही' या उत्तरास त्यांनी पूर्ण गुण दिले, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथ चाळून, जेवढे कळेल तेवढे त्या बाईंस पत्राने कळवावे, ही अट घातली. वेळेच्या गुणांत मात्र पुतणी अनुत्तीर्ण झाली. दोन लेण्यांस तिने ठरलेल्या वेळेपेक्षा पस्तीस मिनिटे अधिक घेतली होती. "तुझ्या मागची गाडी चुकली," असे बाई म्हणाल्या, आणि त्यावर काही बोलण्यासारखे नव्हते.

सर्वत्र असे चालते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलास अशाच 'प्रत्यक्ष प्रशिक्षणा'साठी एका कचेरीत दोन महिने पाकिटांवर पत्ते चिकटवावयास बसविले आणि शेवटी सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र दिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे व्याख्यानाच्या पंधरा तासांस एक श्रेयांक मिळतो आणि क्षेत्रकार्यास त्याच एका श्रेयांकासाठी तीस तास द्यावे लागतात. हा हिशेब वाचून आम्हांस प्रथम वाटले की मैदानातल्या कामाची किंमत निम्मी धरली आहे. आता वाटते की ते तीस तास पाकिटे चिकटविण्यात जावयाचे असतील तर तीही जास्तच. ज्या पालकांची मुले हा विषय शिकत असतील त्यांनी शुल्काची चौकशी करण्याआधी, मुलांस कोठे नेता, तेथे बरोबर कोण असते आणि चूक झाली तर ती कोण दाखवितो, एवढे विचारावे.

हा विषय आपल्याकडे विद्यापीठांत आला तो फार जुना नव्हे. आज ग्वाल्हेरीस मुख्यालय असलेली केंद्र सरकारची पर्यटन व प्रवास व्यवस्थापनाची संस्था १९८३ सालची; अजिंठा आणि वेरुळ यांस जागतिक वारशाचा मान मिळाला तोही त्याच साली. पण कला जुनी आहे. आमच्या पंचवटीतील क्षेत्रोपाध्ये हेच करीत आले. यात्रेकरू गाडीतून उतरला की त्याचे गाव-आडनाव विचारून पणजोबाची सही वहीत काढून दाखवावयाची. कोणास उपास आहे, कोणास पायऱ्या झेपत नाहीत, कोणास रडू येणार आहे, हे ओळखावयाचे. त्यांस हे कोणी वर्गात शिकविले नाही. वडिलांच्या मागे घाटावर उभे राहून ते शिकले. आणि दक्षिणेच्या लोभाने यजमानास फसविणारेही त्यांच्यातच होते. पाठीशी उभे राहून चूक दाखविणारा वडील ज्याला लाभला नाही, तो तसा झाला.

शुक्रवारी रात्री आम्ही नाशिकास परतलो. बंधू जेवावयाचे थांबले होते. त्यांनी पुतणीचे गुण विचारले. आम्ही वेळेत नापास झाल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी "हं" म्हटले. मग आक्का बोलू लागल्या. त्या वासे सांगत होत्या, कोकास सांगत होत्या, राणीची कथा कोठे संपली आणि ताम्रपट कोठे लागला तेही सांगत होत्या. रावणाचे हात सांगताना त्यांनी ताट बाजूस सारले. बंधूंचा भात गार झाला. आक्का म्हणाल्या, "तू एकदा जाऊन ये. तिलाच घेऊन जा, दुसऱ्या कोणाला नको. मंगळवारी मात्र जाऊ नकोस."

बंधूंनी विचारले, "का?"

"बंद असते," आक्का म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, "अण्णा, माझी गादी उद्या खाली आण."